देवमाशाचे गोत्र

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपल्याकडे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. विचारू गेल्यास भलतेच काही हाती लागते आणि मनातील आदरास धक्का बसतो, असा त्यामागील भाव असावा. विज्ञान मात्र हा संकोच बाळगीत नाही. ते सर्वांचेच कूळ विचारते. आणि आज आपण ज्या प्राण्याची हकीकत पाहणार आहोत, त्याच्या नावात तर साक्षात् ‘देव’ असूनही त्याची सुटका झालेली नाही.

हा प्राणी म्हणजे देवमासा. २०२३ सालच्या नोव्हेंबरात, ऐन दिवाळीच्या दिवसांत, रत्नागिरी जिल्ह्यातील गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे एक पिल्लू लाटांबरोबर आले आणि वाळूत रुतून बसले. पिल्लू म्हणावयाचे, पण त्याचे वजन काही टन होते. गावकरी धावले, वनखात्याची माणसे आली, पशुवैद्य आले. कोणी त्याच्या अंगावर पाणी ओतले, कोणी ओल्या कापडांनी ते झाकले. दोन दिवस खटपट केल्यावर त्याला ओढून खोल समुद्रात सोडण्यात आले. परंतु ते पुन्हा किनाऱ्यास लागले आणि वाचले नाही. वर्तमानपत्रांतून ही बातमी वाचताना अनेक घरांतील मुलांनी वडिलांना एक प्रश्न विचारला असेल: मासा पाण्याबाहेर काढला की थोड्याच वेळात तडफडून मरतो, मग हा मासा दोन दिवस वाळूवर जिवंत कसा राहिला?

प्रश्न मोठा मार्मिक आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येते. देवमासा हा मासा नाहीच. तो आपल्याप्रमाणे फुप्फुसांनी हवेतील प्राणवायू घेतो. त्याचे रक्त उष्ण असते. मादी आपल्या पोटात गर्भ वाढविते, पिल्लास जन्म देते आणि त्याला दूध पाजते. निळ्या देवमाशाचे पिल्लू दिवसाकाठी दोनशे लिटरांहून अधिक दूध पिते. किनाऱ्यावर पडलेल्या देवमाशास श्वास घेण्यासाठी हवा कमी पडत नाही. पाण्याचा आधार सुटल्यामुळे त्याचे स्वतःचेच वजन त्याच्या छातीवर बसते, आणि चरबीच्या जाड थरामुळे अंगातील उष्णता बाहेर जाऊ न शकल्याने तो आतल्या आत तापत जातो. गणपतीपुळ्याच्या लोकांनी त्या पिल्लावर पाणी ओतले, ते ह्या दृष्टीने अगदी योग्यच होते.

उत्तर सोपे असले तरी नाव मात्र ‘देवमासा’ हेच राहिले आहे. भाषांतराचे काम करणाऱ्यास ही अडचण वारंवार जाणवते: ‘देवमासा हा मासा नव्हे’ असे वाक्य लिहिताना लेखणी क्षणभर अडखळते. पण हा दोष एकट्या मराठीचा नाही. येथे बंगळूरमध्ये कन्नड बोलणारे शेजारी ह्या प्राण्यास ‘तिमिंगिल’ म्हणतात. हा शब्द मूळचा संस्कृत. ‘तिमि’ नावाच्या महामत्स्यास गिळणारा तो तिमिंगिल. म्हणजे तोही मत्स्यच झाला. पुष्कळ भाषांनी ह्या प्राण्यास माशांच्या पंगतीत बसविले आहे, कारण जो प्राणी पाण्यात राहतो, ज्याला पर आणि शेपूट आहे, तो मासा, असे डोळ्यांना वाटणारच.

तथापि डोळ्यांच्या पलीकडे पाहणारे लोकही फार पूर्वीपासून होते. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल ह्याने डॉल्फिन व देवमासे हवेत श्वास घेतात आणि पिल्लांना दूध पाजतात, असे नोंदवून ठेवले होते. प्राण्यांची व वनस्पतींची शास्त्रशुद्ध नामावली तयार करणारा स्वीडनचा लिनियस ह्याने आपल्या ग्रंथाच्या आरंभीच्या आवृत्त्यांत देवमाशांना माशांतच घातले होते. १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तीत मात्र त्याने त्यांना तेथून उचलले आणि सस्तन प्राण्यांच्या वर्गात आणून बसविले. वर्ग ठरला, परंतु गोत्र ठरले नाही. सस्तन प्राण्यांत वाघ आहे, गाय आहे, हत्ती आहे, वटवाघूळ आहे. ह्यांपैकी देवमाशाचे भाऊबंद कोण?

१८५९ साली चार्ल्स डार्विन ह्याने आपल्या प्रसिद्ध ग्रंथात ह्या प्रश्नास हात घातला. उत्तर अमेरिकेत एक काळे अस्वल तासन्‌तास तोंड उघडे ठेवून पाण्यात पोहत कीटक गोळा करताना एका प्रवाशाने पाहिले होते. अशा एखाद्या प्राण्यापासून, पिढ्यानुपिढ्या बदल होत, देवमाशासारखा प्राणी निर्माण होणे आपणास अशक्य वाटत नाही, असे डार्विनने लिहिले. लोकांनी ह्या अस्वलाची इतकी थट्टा केली की, पुढील आवृत्त्यांत त्याला तो मजकूर आखडता घ्यावा लागला. अस्वल चुकले होते हे खरे. पण देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालत होते, हा विचार बरोबर होता. उणीव होती ती पुराव्याची.

जमिनीवरील आयुष्याच्या खुणा तशा देवमाशाच्या अंगावर आजही आहेत. मासा पोहताना शेपटी डावी-उजवीकडे हलवितो. देवमासा ती वर-खाली हलवितो, कारण त्याचा कणा धावणाऱ्या चतुष्पादाच्या कण्याप्रमाणे वर-खाली वाकतो. त्याच्या पुढच्या परात दंडाचे, मनगटाचे आणि बोटांचे हाड जागच्या जागी सापडते. मागचे पाय बाहेरून मुळीच दिसत नाहीत. परंतु मांसात बुडालेली कमरेची दोन लहान हाडे पुष्कळ जातींत शिल्लक आहेत. एखाद्या कुटुंबाने गाव सोडून पिढ्या लोटल्या तरी माजघरातील जुन्या पेटीत गावाकडच्या घराची किल्ली पडलेली असावी, तशी ही हाडे आहेत.

किल्ली आहे, पण घर कोणते? विसाव्या शतकात ह्या प्रश्नावर दोन पक्ष पडले. एक पक्ष हाडांचा अभ्यास करणाऱ्यांचा. १९६६ साली अमेरिकेतील ली व्हॅन व्हेलन ह्या शास्त्रज्ञाने असे मत मांडले की, पाच-सहा कोटी वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या खूर असलेल्या, पण मांसभक्षक अशा एका नष्ट कुळापासून देवमासे निघाले असावेत. त्या प्राण्यांच्या त्रिकोणी दातांचे जुन्या देवमाशांच्या दातांशी साम्य होते. हे मत बरीच वर्षे मान्य राहिले. दुसरा पक्ष रक्ताची परीक्षा करणाऱ्यांचा. १९५० सालीच निरनिराळ्या प्राण्यांच्या रक्तद्रवाची तुलना करता देवमाशाचे रक्त गाय, उंट, डुक्कर अशा समखुरी प्राण्यांच्या रक्ताशी जवळचे असल्याचे आढळले होते. पुढे आनुवंशिक द्रव्याची, म्हणजे डीएनएची, लिपी वाचता येऊ लागली, तेव्हा समखुरी प्राण्यांतही देवमाशाचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा आहे, असा निष्कर्ष निघाला.

ही लिपी वाचून नाते कसे ठरवितात, हे आपल्या परिचयाच्या एका उदाहरणाने समजेल. छापखाने नव्हते तेव्हा पोथ्या हाताने उतरून घेत असत. नकलकाराच्या हातून एखादी ओळ दोनदा लिहिली जाई. मग त्या पोथीवरून केलेल्या प्रत्येक नकलेत तीच ओळ त्याच ठिकाणी दोनदा उतरे. दोन गावांतील दोन पोथ्यांत नेमक्या त्याच जागी तीच चूक आढळली, तर दोन्हींची मूळ प्रत एकच होती, असे संशोधक निःशंकपणे सांगतो. सजीवांच्या डीएनएमध्येही अशा जास्तीच्या ओळी मधूनच घुसतात आणि वंशपरंपरेने उतरत राहतात. १९९९ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले की, अशा काही ओळी देवमाशांत आणि पाणघोड्यांत अगदी त्याच जागी आहेत आणि गाय, डुक्कर, उंट ह्यांच्यात त्या जागी नाहीत. दोन्ही पोथ्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या होत्या.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. पाणघोडा हा देवमाशाचा पूर्वज नव्हे. दोन चुलतभाऊ एकाच आजोबांचे नातू असतात, तसे हे दोघे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एका समान पूर्वजाचे वंशज आहेत. एका शाखेने नदीचा काठ धरला, दुसरी समुद्रापर्यंत पोहोचली. पाणघोडा म्हणताच आपल्या डोळ्यांसमोर आफ्रिका येते. परंतु आपल्या नर्मदेच्या काठच्या थरांतही पाणघोड्यांची जीवाश्म झालेली हाडे सापडतात. एके काळी तो आपल्या देशाचाही रहिवासी होता.

रक्ताची साक्ष मिळाली, तरी हाडांचा अभ्यास करणारे सहज मान डोलावणारे नव्हते. त्यांची मागणी रास्त होती: नाते खरे असेल तर ते हाडांतही दिसले पाहिजे. गाय, हरीण, डुक्कर, उंट ह्या सर्व समखुरी प्राण्यांच्या मागच्या पायाच्या घोट्यात एक विशिष्ट हाड असते. त्याच्या वरच्या टोकास खाच असते आणि खालच्या टोकासही खाच असते, जणू विहिरीवरच्या दोन कप्प्या एकमेकींस जोडल्या आहेत. अशी दुहेरी कप्पी दुसऱ्या कोणत्याही सस्तन प्राण्यात नाही. देवमाशास ती असावयास हवी. पण त्याला मागचे पायच नाहीत, तर घोटा कोठून पाहावयाचा? त्यासाठी पाय असलेला देवमासा शोधणे भाग होते.

आणि तो सापडला, तो आपल्याच भूमीच्या आसपास. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या आदिनूतन युगात भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत आशियास भिडत होता. दोहोंच्या मध्ये टेथिस नावाचा उबदार, उथळ समुद्र होता. आज जेथे हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्या आहेत तेथे तेव्हा नदीमुखे, दलदली आणि खाड्या होत्या. देवमाशांच्या कुळाचे माहेर ते हेच. १९८१ साली फिलिप जिंजरिच व डोनाल्ड रसेल ह्यांनी पाकिस्तानातील खडकांतून मिळालेल्या एका कवटीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्या प्राण्यास ‘पाकिसीटस’ असे नाव दिले. त्याचा कान देवमाशाचा होता. पण तो नदीनाल्यांच्या गाळात सापडला होता. १९९४ साली ‘ॲम्ब्युलोसीटस’ म्हणजे ‘चालणारा देवमासा’ पुढे आला. त्याला चांगले भक्कम पाय होते व तो सुसरीप्रमाणे काठाजवळच्या पाण्यात दबा धरून बसत असावा. अखेर २००१ साली पाकिस्तानातील निरनिराळ्या ठिकाणांहून मिळालेले पायांचे सांगाडे दोन स्वतंत्र तुकड्यांनी जवळजवळ एकाच वेळी प्रसिद्ध केले. दोन्हींच्या घोट्यात ती दुहेरी कप्पी होती. हाडांनी रक्ताच्या साक्षीवर आपली सही केली.

ह्या कथेचा एक मोठा अध्याय कच्छमध्ये लिहिला गेला आहे. तेथील हरुडी गावच्या परिसरात चार-साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या सागरी खडकांतून अशोक साहनी व विजय प्रकाश मिश्र ह्या भारतीय पुराजीववैज्ञानिकांनी १९७० नंतरच्या दशकात प्राचीन देवमाशांचे अवशेष शोधून काढले. ‘रेमिंग्टनोसीटस’ हा लांबट तोंडाचा देवमासा तेथलाच. २००० साली सुनील बाजपेयी व हान्स थेविसन ह्यांनी तेथल्याच एका लहानशा प्राण्यास ‘कच्छिसीटस’ असे नाव दिले. आखूड पाय आणि लांब, मजबूत शेपूट असलेला हा प्राणी पाणमांजराची आठवण करून देतो. कच्छच्या ह्या प्राण्यांच्या कानांनी आणखी एक गोष्ट सांगितली. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोके हलले की तोल सांभाळण्याची जबाबदारी त्यांची. देवमाशांत त्या अंगाच्या मानाने फारच लहान असतात. २००२ साली असे आढळून आले की, कच्छच्या प्राचीन देवमाशांतही त्या लहान झालेल्या होत्या. पाय अजून शिल्लक होते, पण कान पाण्याचा झाला होता. जमिनीकडे परतण्याची वाट त्या कुळाने इतक्या लवकर सोडली होती.

इतके झाले तरी एक दुवा राहिलाच होता. पाय असलेले देवमासे मिळाले. पण देवमासा होण्याच्या उंबरठ्यावर उभा असलेला, अजून समखुरीच म्हणावा असा शेजारी कोण? ह्या प्रश्नाचे उत्तर जगातील कोणासही ठाऊक नसताना त्याचे नाव मात्र बंगळूरच्या एका नियतकालिकात छापले गेले होते!

बंगळूर येथे १९५८ साली भारतीय भूवैज्ञानिक संस्थेची, म्हणजे जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाची, स्थापना झाली. तिच्या नियतकालिकाच्या बाराव्या खंडात, १९७१ साली, ए. रंगा राव ह्या भूवैज्ञानिकाचा एक लेख प्रसिद्ध झाला. जम्मू-काश्मीरमधील राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोट गावाजवळ त्यांना काही सस्तन प्राण्यांचे जबडे व दात मिळाले होते. त्यांतील एका लहान प्राण्यास त्यांनी ‘इंडोह्यूस’ असे नाव दिले. ‘ह्यूस’ म्हणजे डुक्कर. तेव्हा नावाचा अर्थ झाला ‘भारतीय डुक्कर’. लेख छापला गेला, अभ्यासकांनी तो नोंदवून ठेवला, आणि फारसा गाजावाजा न होता तो ग्रंथालयांच्या कपाटांत विसावला.

रंगा राव ह्यांनी कालाकोटहून आणखीही पुष्कळ दगड आणले होते. जीवाश्म दगडातून मोकळा करणे हे अत्यंत सावकाशीचे काम असते; एका कवटीस महिनेच्या महिने लागतात. ते दगड फोडण्याआधीच रंगा राव निवर्तले. त्यांच्या मागे त्यांच्या पत्नीने देहरादून येथे तो संग्रह जपून ठेवला. पाहणाऱ्याला तो दगडांचा ढीग वाटला असता. पण आपल्या पतीने आयुष्य घालून जे जमविले ते कचरा नव्हे, एवढा विश्वास त्या बाईंना होता. पुढे त्यांनी तो संग्रह हान्स थेविसन ह्यांच्या स्वाधीन केला.

थेविसन ह्यांच्या प्रयोगशाळेत दगड साफ करीत असताना एके दिवशी तेथील तंत्रज्ञाच्या हातून एक कवटी चुकून भंगली. कानाजवळचे हाड निखळले. एरवी हळहळण्यासारखी गोष्ट. पण निखळलेल्या त्या तुकड्यात जे दिसले त्याने सर्वच चकित झाले. कानाच्या पडद्यामागील पोकळीभोवती वाटीसारखे एक हाड असते. सर्व सस्तन प्राण्यांत ह्या वाटीच्या भिंती साधारण सारख्या पातळ असतात. देवमाशांत मात्र तिची आतली भिंत विलक्षण जाड आणि घट्ट असते. पाकिसीटसपासून आजच्या निळ्या देवमाशापर्यंत ही त्यांची कुळखूण आहे. तीच खूण ‘भारतीय डुक्कर’ म्हणून नोंदल्या गेलेल्या त्या प्राण्याच्या कानात होती!

डिसेंबर २००७ मध्ये थेविसन, बाजपेयी, तिवारी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. इंडोह्यूस सुमारे ४ कोटी ८० लक्ष वर्षांपूर्वीचा. आकार मांजराएवढा, पाय काटकुळे, बोटांना खूर. बाहेरून पाहणाऱ्यास तो देवमाशाचा नातलग आहे असे स्वप्नातही वाटले नसते. पण त्याच्या पायांची हाडे आडवी कापून पाहता ती आतून भरीव निघाली. पाणघोड्याची हाडे अशीच जड असतात. त्या वजनामुळे पाण्यात तरंगून न जाता तळाशी चालता येते. दातांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांची परीक्षा केली, तिनेही त्याचा बराच काळ पाण्यात जात असल्याचेच सांगितले.

अशा प्राण्याचे वागणे कसे असेल, ह्याची कल्पना एका जिवंत प्राण्यावरून करता येते. आपल्या सह्याद्रीच्या रानांत पिसोरी नावाचे, सशाहून थोडेच मोठे, ठिपक्यांचे हरणासारखे जनावर असते. कोकणात व कर्नाटकात रानाकाठी राहणाऱ्यांस ते ठाऊक आहे. त्याचाच एक आफ्रिकेतील भाऊबंद पाणथळ जागी राहतो. गरुडाची सावली अंगावर पडली की तो पाण्यात उडी घेतो आणि तळाशी दडून बसतो. इंडोह्यूसही असाच भित्रा असावा आणि जीव वाचविण्यासाठी पाण्याचा आश्रय घेत असावा, असे थेविसन आदींचे अनुमान आहे. पूर्वी समजूत अशी होती की, देवमाशांचे पूर्वज माशांच्या लोभाने पाण्यात उतरले. इंडोह्यूसचे दात मात्र झाडपाला खाणाऱ्याचे आहेत. म्हणजे पाण्याची सोबत आधी जडली आणि मांसाहार मागाहून आला. अर्थात् इंडोह्यूस हा काही देवमाशांचा प्रत्यक्ष आजोबा नव्हे; पाकिसीटस व तो साधारण एकाच काळातले. त्याला चुलत आजोबा म्हणावे. परंतु ज्यांचे थेट पूर्वज हाती लागत नाहीत, त्यांना चुलत घराण्यावरून आपल्या वाड्याचा नकाशा कळतो.

तेथून पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येईल. चार कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास ‘बॅसिलोसॉरस’ नावाचे, पन्नास फुटांहून लांब देवमासे समुद्रात फिरू लागले होते. त्यांना त्या प्रचंड देहाला न शोभणारे लहानसे मागचे पाय होते. १९९० साली इजिप्तच्या वाळवंटातील अवशेषांवरून ते उघडकीस आले. ह्या प्राण्याच्या नावाचाही अर्थ ‘राजसरडा’ असा आहे! १८३४ साली हे नाव दिले गेले तेव्हा तो सरपटणारा प्राणी समजला गेला. पुढे पाचच वर्षांत रिचर्ड ओवेन ह्यांनी दातांवरून तो सस्तन असल्याचे ओळखले, पण नाव बदलले नाही. त्यानंतर ह्या कुळाच्या दोन मोठ्या शाखा झाल्या. एकीला दात राहिले. डॉल्फिन त्या शाखेतले. दुसरीचे दात जाऊन त्या जागी पाणी गाळणाऱ्या झालरी आल्या. निळा देवमासा त्या शाखेतला. दात असलेल्यांपैकी काही तर समुद्र सोडून पुन्हा गोड्या पाण्यात आले. आपल्या गंगेतील डॉल्फिन, ज्याला २००९ साली राष्ट्रीय जलचर म्हणून मान देण्यात आला, तो अशांपैकीच एक.

समुद्रात गेलेले सारेच सस्तन प्राणी एका घरचे आहेत असे मात्र समजू नये. सील हा अस्वल-कुत्र्यांच्या बाजूचा. कच्छच्या आखातात व तमिळनाडूच्या किनाऱ्यालगत समुद्रगवत चरणारा डुगॉंग हा हत्तीचा आप्त. तिघांची घरे निरनिराळी. पाण्याने तिघांना एकसारखा पोशाख चढविला. पोशाख पाहून सोयरीक ठरवू नये, हे आपल्याकडच्या जाणत्यांनी माणसांविषयी सांगितलेच आहे.

मासा म्हटले तो मासा नव्हता, सरडा म्हटले तो सरडा नव्हता आणि डुक्कर म्हटले तो डुक्कर नव्हता. नावे ठेवणारी माणसे काही मूर्ख नव्हती. त्यांच्यापुढे जेवढे होते तेवढ्यावरून त्यांनी नावे ठेवली. रंगा रावांना दात व जबडेच मिळाले होते आणि त्यांवरून त्यांनी जे ठरविले ते प्रामाणिक होते. सत्य त्यांच्याच संग्रहातील एका न फोडलेल्या दगडात बसले होते. ते बाहेर येण्यास छत्तीस वर्षे लागली, आणि ते पाहण्यास ते स्वतः राहिले नाहीत. ज्ञानाच्या कामात असे पुष्कळदा घडते. एकजण वेचतो, दुसरा जपतो, तिसऱ्याच्या हातून ते उकलते. ह्या तिघांत जपणाऱ्याचे नाव सहसा कोठे येत नाही. म्हणून देहरादूनच्या त्या बाईंची आठवण येथे मुद्दाम केली.

घरातील मुलांना घेऊन कोकणात जाण्याचा योग आला, तर रत्नागिरीच्या मत्स्यालयात अवश्य जावे. तेथे देवमाशाचा सांगाडा ठेवलेला आहे. मुलांना त्याच्या पुढच्या पराजवळ उभे करावे आणि आपल्या हाताची हाडे त्याच्या हाडांशी ताडून पाहावयास सांगावे: हा दंड, हे मनगट, ही बोटे. गणपतीपुळे तेथून जवळच आहे. त्या वाळूवर दोन दिवस श्वास घेत पडलेल्या पिल्लाची गोष्टही तेव्हा सांगावी. नाव मासा असले तरी ते दूध पिणारे लेकरू होते, आणि त्याच्या कुळाने आपल्याच देशाच्या काठावरून पाण्यात पहिले पाऊल टाकले होते, हे कळले म्हणजे मुले पुढच्या वेळी समुद्राकडे निराळ्या दृष्टीने पाहतील.